बाशिंग की बांडगूळ?

किलार्नी हे आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान (१९३२). तिथल्या ओकवनात शिरलो आणि आम्हा दोघांनाही एकदम आंबोली आठवली! फांद्याफांद्यांवर शेवाळं, त्यात रुजलेले नेचे.

तिथल्या ओल्या खडकांवरचा 'किलार्नी फर्न' एकोणिसाव्या शतकातल्या हौशी मंडळींनी ओरबाडून जवळजवळ संपवला. म्हणून रानातून काही न उचलता आम्ही रोपवाटिकेतून सांबरशिंगासारख्या पानांचा प्लॅटिसेरियम आणला आणि फळीवर बांधला. रेडिएटरजवळ टांगून लाडाने रोज पाणी घातलं. झालं! पानं करपली, गड्डा कुजला. दुसरा मात्र न्हाणीघराच्या उजेडाच्या खिडकीत ठेवला. सुकला की पावसाच्या पाण्यात बुडवायचा, निथळू द्यायचा. पावसाला इथे काय तोटा?

भारतातून आलेल्या आई म्हणाल्या, "हे बांडगूळ कशाला घरात?" शब्द जरा लागलाच. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हा नुसता आधार घेतो. सह्याद्रीतलं बाशिंगही तसंच, आपल्या तपकिरी पानांत पाचोळा साठवून त्यावर जगतं.

"म्हणजे भाडेकरू!" आई हसल्या. आता बादली त्याच भरतात.