छोट्या यंत्राची पारख

जेसीबी आता लहान पोरही ओळखते. त्याहून बुटके, चार चाकांचे आणि पुढे बादली लावलेले एक यंत्र बांधकामावर राडारोडा भरताना दिसते. त्याला बॉबकॅट म्हणतात. यंत्राच्या प्रकाराचे नाव स्किड स्टिअर लोडर. त्याची १:२५ प्रमाणातली धातूची प्रतिकृती आम्ही वस्तीच्या अभ्यासिकेसाठी घेतली. वर्गणीचा पैसा घामाचा असतो, त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून खेळणे म्हणून नव्हे, शिकवण्याची वस्तू म्हणून मी ती पारखली.

आधी माप. खरे यंत्र १८३ सेंटीमीटर रुंद असेल, तर प्रतिकृती सुमारे ७३ मिलीमीटर हवी. फूटपट्टी लावली, बरोबर भरली. वजनाने मात्र मुलांना चकवले. ३,००० किलोचे यंत्र पंचवीस पटीने लहान केले तर १२० किलो, असे त्यांचे उत्तर. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात. म्हणून १५,६२५ ने भागायचे. उत्तर येते अवघे १९२ ग्रॅम! आमची प्रतिकृती त्याहून जड भरली, कारण ती जाड ओतीव धातूची आहे.

हा धातू म्हणजे जस्त व सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम यांचे मिश्रण. त्याचा रस पोलादी साच्यात दाबाने सोडतात. जस्तात शिशाची भेसळ असली तर काही वर्षांनी ओतकाम आतून तडकते, त्याचा भुगा होतो. घेताना रंगाखाली फुगवटा किंवा बारीक भेगा आहेत का, ते पहावे. आमच्या प्रतिकृतीत तसे काही आढळले नाही.

मग चाल. बाहू वर जातात, बादली कलते, उचललेली बादली आपोआप खाली येत नाही. छान! पण खऱ्या यंत्राची डावी चाके पुढे व उजवी मागे फिरू शकतात, म्हणून ते जागच्या जागी वळते. इथे डावे-उजवे चाक एकाच कण्यावर घट्ट बसवलेले. यंत्राचे मर्मच हुकले. येथे मी गुण कापले.

सातवीतल्या एका मुलीने वेगळेच विचारले, "काका, यात माणूस कुठे बसतो?" तिचे वडील ठेक्यावर नालेसफाई करतात. मी केबिन दाखवली. आत आसन, दोन्ही हातांसाठी दांडे आणि पोटापुढे सुरक्षेचा आडवा दांडा. खऱ्या यंत्रात तो दांडा खाली ओढल्याशिवाय बाहू हलत नाहीत. मुलगी म्हणाली, "म्हणजे माणूस कोरडा राहतो."

तिला मी यंत्राची जन्मकथा सांगितली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी सिरिल व लुई केलर या भावांनी १९५७ साली पहिले तीनचाकी यंत्र बनवले, ते टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी. खुराड्यातली विष्ठा उपसायची होती. खांबांमधून वळेल आणि वरच्या मजल्याला पेलेल, असे हलके यंत्र त्याला हवे होते. १९६० मध्ये मेलरो कंपनीने चारचाकी एम-४०० आणले.

तिथे घाण उपसण्यासाठी यंत्र शोधले गेले. आपल्याकडे त्या कामाला कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवले. हाताने मैला साफ करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात माणूस उतरवल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

वाचकहो, चाकांचे गुण कापूनही ही वस्तू मी ठेवून घ्या म्हणालो. आपल्या मुलांच्या हाती असे यंत्र आले तर फूटपट्टी द्या, वजन काढायला लावा, सांधे तपासू द्या. आणि माणसाची जागा कुठे आहे, हे त्यांना विचारू द्या. उद्या खऱ्या यंत्राचा आराखडा त्यांच्यापुढे येईल, तेव्हा तोच प्रश्न त्यांच्या उपयोगी पडेल.