पूल ओलांडल्यावर सुरू होणारा खेळ

जपान-अमेरिकेत ज्याला जुन्या खेळाची नवी आवृत्ती म्हणतात, ती आमच्या घोटी गावात बहुतेक वेळा पहिलीच आवृत्ती असते. ‘फायनल फँटसी’ जपानमध्ये 18 डिसेंबर 1987 रोजी विक्रीला आला. मला तो रीतसर विकत घेऊन टीव्हीवर खेळता आला, तो एप्रिल 2023 मध्ये त्याची ‘पिक्सेल रीमास्टर’ आवृत्ती प्लेस्टेशन 4 वर आली त्यानंतर. मधल्या काळात माझी शाळा झाली, कॉलेज झाले, राइस मिलच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झाले. इतक्या उशिरा हाती आलेल्या खेळाबद्दल मला जे वाटते त्याला आठवणींचा उमाळा म्हणता येणार नाही, कारण आठवण असायला तो खेळ आधी भेटायला हवा होता. मला वाटते ती कृतज्ञता.

आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि पिवळ्या कॅसेटी. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर हे सगळ्या गल्लीला पाठ. पण ज्यांना आरपीजी म्हणतात, म्हणजे ज्यांत एक पात्र घेऊन दिवसेंदिवस प्रवास करायचा, त्याला हळूहळू बळकट करायचे आणि एक लांबलचक गोष्ट शेवटाला न्यायची, ते खेळ त्या कॅसेटींत नव्हते. त्याला कारणही होते. एवढा मोठा प्रवास एका बैठकीत संपत नाही, तो जपून ठेवावा लागतो. 1986 मध्ये जपानात आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये त्यासाठी लांबलचक सांकेतिक अक्षरे दिसायची आणि मुले ती वहीत उतरवून घ्यायची. 1989 मध्ये तो अमेरिकेत गेला तेव्हा कॅसेटीतच छोटी बॅटरी बसवली गेली, तिच्या जोरावर खेळाची स्मृती टिकायची. आमच्या पिवळ्या कॅसेटींत बॅटरीच नव्हती. टीव्ही बंद केला की सगळे पुसले जायचे, आणि दुसऱ्या दिवशी मारिओ पुन्हा पहिल्या विटेपाशी उभा.

जपून ठेवता येणारा पहिला प्रवास मला मिळाला तो 2005 च्या सुमारास. दादाने नाशिकहून जुना कॉम्प्युटर आणला आणि एका मित्राने त्यात ‘पोकेमॉन फायररेड’ टाकून दिला. खेळ मूळचा गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्राचा, कॉम्प्युटरवर तो एम्युलेटरमधून, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून चालायचा. ते मूळ यंत्र आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. खेळाचे पैसे कुणाला दिले नव्हते, आणि द्यायचेच तर कुठे, हेही ठाऊक नव्हते.

ती वर्षे भारनियमनाची. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक असायचे, आणि पावसाळ्यात कळसूबाईच्या बाजूने सर चढून आली की ते वेळापत्रकही कोलमडायचे. आमच्या कॉम्प्युटरला यूपीएस नव्हता. त्यामुळे प्रत्येक वळणावर खेळ सेव्ह करायचा हे बोटांच्या अंगवळणी पडले. गुहेत शिरण्याआधी सेव्ह, बाहेर पडल्यावर सेव्ह, गावाबाहेरच्या गवतात पाऊल टाकण्याआधी सेव्ह. त्या सगळ्या प्रवासाची फाईल भरायची फक्त 128 केबी, एका फ्लॉपीत आरामात मावायची. ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता त्याच्याकडे ती फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून, वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून न्यायची. आवणीचे दिवस असायचे, चिखलाने रस्ता भरलेला, आणि खिशात माझे महिनाभराचे आयुष्य. खेळ पुन्हा सुरू केला की फायररेड आधी मागच्या वेळी काय काय घडले ते थोडक्यात दाखवायचा: या गावात आलास, याच्याशी लढलास, हे औषध विकत घेतलेस. वीज गेली, चार दिवस पाऊस पडला, घरात भाताची कामे निघाली, तरी खेळाला माझी जागा माहीत असायची. तेव्हा तेवढ्या आपुलकीने माझी आठवण ठेवणारे दुसरे यंत्र घरात नव्हते.

फायररेड हा स्वतःच एक पुनर्जन्म आहे, हे मला फार पुढे कळले. 1996 मध्ये जपानात काळ्या-पांढऱ्या गेम बॉयवर आलेला पहिला पोकेमॉन 2004 मध्ये नव्या यंत्रासाठी पुन्हा रंगवून, नवी बेटे जोडून काढला होता. ज्याला मी मूळ मानत होतो ती दुसऱ्यांची नवी आवृत्ती होती. त्यामुळे माझा आनंद रतीभरही कमी झाला नाही. उलट एक गोष्ट पक्की झाली: प्रत्येक पिढीला तिची पहिली भेट हवी, आणि ती घडवून आणायचे काम कुणीतरी मनापासून करावे लागते.

ते मनापासून केले की काय होते हे ‘पिक्सेल रीमास्टर’मध्ये दिसते. 1987 च्या खेळातली चित्रे ठिपक्याठिपक्यांनी काढणाऱ्या काझुको शिबुया यांनीच नव्या आवृत्तीतली पात्रे पुन्हा रेखाटली. नव्या संगीतरचनांवर देखरेख केली ती मूळ संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच माणसांनी आपलेच काम पुन्हा हातात घेतले. त्यामुळे खेळातली माझी सर्वांत आवडती जागा शाबूत राहिली. सुरुवातीला चार योद्धे एका राजाकडे येतात. पळवून नेलेली राजकन्या ते सोडवून आणतात, राजा तुटलेला पूल बांधायचा हुकूम देतो. तोवर तास-दीड तास गेलेला असतो. मग तुम्ही त्या पुलावर पाऊल ठेवता, आणि तेव्हा कुठे मुख्य संगीत सुरू होते, पडद्यावर प्रस्तावना उमटते. इतका वेळ जे चालले होते ती नुसती तयारी होती, खरी वाट आता सुरू होते. मी तो पूल पहिल्यांदा ओलांडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, घरातली सगळी झोपली होती, आणि मी आवाज बारीक करून ती धून पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून आधीच्या सेव्हवर परत गेलो.

या आवृत्तीत सोयी आहेत. वाटेत अवचित येणाऱ्या लढाया बंद करता येतात, लढून मिळणारा अनुभव चौपट करता येतो. माझा पुतण्या हे सगळे चालू करून खेळतो. “काका, एवढ्या लढाया कोण करत बसणार?” असे तो विचारतो, आणि अभ्यास, क्लास यांतून उरलेला त्याचा वेळ पाहिला की मला ते पटतेही. पण त्याचा पूल पंधरा मिनिटांत येतो, आणि पुलावरच्या संगीतात जी दमून पोहोचल्याची भावना आहे ती त्याला सापडत नाही. म्हणून या सोयी बंद करायचे बटणही तिथेच आहे याचे मोल मला फार वाटते. एका दिवाळीच्या सुट्टीत त्याने तसे खेळून पाहिले, आणि पूल आला तेव्हा मला हाक मारून बोलावले.

अशी भेट किती खेळांच्या नशिबी असते? अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळत नव्हते, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीत दिसले. 2002 चा ‘किंग्डम हार्ट्स’ नव्याने काढायचा ठरला तेव्हा मूळ साहित्य हरवलेले निघाले, आणि बराचसा भाग खेळाकडे बघून नव्याने घडवावा लागला. हे काम किती अवघड आहे याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातही आहे. 2003 चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवायचे काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. 2020 मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा मला आनंद झाला, कारण आपली माणसे एका अभिजात खेळाला हात लावणार होती. 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेले. तरी पुण्या-मुंबईच्या पोरांनी तो भार उचलून पाहिला, हे मी विसरत नाही.

आणि पुन्हा काढलेले खेळही अमर नसतात. तोच पहिला पोकेमॉन 27 फेब्रुवारी 2016 रोजी निन्टेन्डो 3डीएसच्या ऑनलाइन दुकानात आला, आणि 27 मार्च 2023 रोजी त्या दुकानातली विक्रीच बंद झाली. त्या तारखेनंतर ज्याला तो पहिल्यांदा भेटायचा होता, त्याच्यासाठी ते दार मिटले.

म्हणून जुने खेळ नव्या यंत्रांवर आणणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. सोयी द्या, पण मूळ चाल जिथल्या तिथे राहू द्या. यंत्र बदलले म्हणून खेळ मागे टाकू नका. आणि भाषांची यादी थोडी वाढवा. पिक्सेल रीमास्टरमध्ये कोरियन आहे, थाई आहे. आम्ही इंग्रजी अडखळत वाचून पोकेमॉन पार केला, कारण दुसरा इलाज नव्हता. घोटीच्या पुढच्या पोराला राजाचा हुकूम मराठीत वाचता आला, तर त्या पुलावर तो आमच्यापेक्षा कितीतरी आधी, आणि आमच्याइतकाच स्वतःच्या पायांनी पोहोचेल.