कासच्या सड्यावरचा वायतुरा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटर गेलात, की कासचे पठार लागते. उंची १२०० मीटरच्या आसपास. मे महिन्यात पाहाल, तर नुसता जांभा खडक, तव्यासारखा तापलेला. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. कोणीही म्हणेल, ‘ही जमीन काय कामाची?’ नोकरीच्या सुरुवातीला मीही तसेच म्हणत असे. अशाच एका सड्याला मी कागदावर ‘पडीक’ लिहिले आणि बाहेरची माती टाकून तिथे भातखाचर करा, असा सल्ला गावाला दिला.

आता तुम्ही जुलै-ऑगस्टात कासला या. खडकातल्या खळग्यांत पावसाचे पाणी साचलेले असते. त्या उथळ पाण्यातून गुलाबी-जांभळे तुरे वर आलेले दिसतात. देठ एक, तुऱ्याला फाटे दोन, अगदी गलोलीच्या बेचक्यासारखे. हाच वायतुरा. ही वेगळी जात असल्याची शास्त्रीय नोंद १९८२ साली झाली आणि नावही साताऱ्याचेच मिळाले, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीतल्या अशा मोजक्या पठारांखेरीज तो जगात कुठेही उगवत नाही.

उन्हाळाभर त्याचा कंद वाळल्या मातीत निजून राहतो. पाऊस पडला, की पाने, फुले, बी हे सारे पाणी आटायच्या आत उरकायचे. म्हणजे खळगा बुजला, की त्याचा संसार मोडला.

शेजारीच निळसर सीतेची आसवे फुलतात. मातीत नत्र कमी म्हणून ही वनस्पती बारीक किडे पकडून आपली गरज भागवते. आपण निकस म्हणतो, ती जमीन या झाडांना मानवलेली आहे.

कासला २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. तिथे राखण आहे. तिथे गेलात तर डबक्यात पाय घालू नका, तुरा खुडू नका. पण आपापल्या गावच्या सड्याला ना पाटी, ना राखणदार. तिथे मातीची ट्रॉली रिती करण्यापूर्वी किंवा चिऱ्याची खाण काढण्यापूर्वी एक पावसाळा जाऊन पाहा, एवढेच सांगणे.

माझ्या सल्ल्याने झालेले ते खाचर अजून आहे. भात बेताचाच येतो. त्याआधी तिथे पावसाळ्यात काय उगवत होते, ते मी पाहिलेच नव्हते.