कमान, हुन्नर आणि सतरा नंबरचा अर्ज

घड्याळाच्या आतल्या स्प्रिंगला मराठीत कमान म्हणतात आणि ट्रकच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांना कमानपाटे. उर्दूत तीच कमानी. दोन्हींचं मूळ फारसी ‘कमान’, म्हणजे धनुष्य. वाकवलं की ताकद साठवणारी आणि सोडलं की ती परत करणारी वस्तू. हुन्नर, उस्ताद, शागीर्द, कारागीर, कारखाना, अवजार हे शब्दही असेच दोन्ही भाषांत नांदतात. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीच्या तासाला हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं सावरून बसतात. परक्या गावात अचानक घरचं कुणी भेटावं, तसं त्यांना होतं.

पण एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकते. हे शब्द शाळेत आले. ज्यांच्या हातात ते रोज वापरले जातात ती माणसं मात्र शाळेच्या दाराबाहेर राहिली. गेल्या महिन्यात मोटरसायकलचा मागचा शॉकअप घरीच उघडला, तेव्हा हे फार जवळून पाहिलं.

आम्ही जुहू गल्लीत राहतो. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याची खारी हवा प्रत्येक खिडकीच्या गजावर आपली सही करून जाते. गाडीचंही तेच होतं. माझी गाडी शंभर सीसीची, बारा वर्षं जुनी. मागच्या डाव्या शॉकअपची स्प्रिंग खालून दुसऱ्या वेढ्याजवळ तुटली होती. स्प्रिंग एका दिवसात तुटत नाही. रंग उडतो, तिथे गंज बसतो, गंजाने बारीक खड्डा पडतो आणि रस्त्यावरच्या हजारो हादऱ्यांनी त्या खड्ड्यातून चीर वाढत जाते. खालच्या वाटीत पावसाचं पाणी आणि चिखल साचतो, म्हणून बहुतेक वेळा रोग तिथूनच सुरू होतो.

दोन दुकानांत विचारलं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, दोन्ही शॉकअप नवे टाका. तिसऱ्या ठिकाणी मात्र माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वय १९. नववीत गणितात नापास झाला आणि त्यानंतर शाळेत आला नाही. आता गल्लीतल्याच एका गॅरेजात आहे. त्याने तुटलेल्या बाजूला फारसं पाहिलंच नाही. गाडी दोन-तीनदा दाबली, शॉकअपच्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. कोरडं होतं.

“तेल नाही गळत, सर. डंडा सीधा है. फक्त स्प्रिंग बदला, जोडीने.”

शॉकअपमध्ये दोन कामं दोन भाग वाटून घेतात, हे मला तेव्हा नीट कळलं. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का झेलते. आतल्या नळीतलं तेल बारीक भोकांतून जाताना स्प्रिंगची उसळी शोषून घेतं. तेलाचा भाग शाबूत असेल तर सगळा शॉकअप भंगारात टाकायचं कारण नाही. पण स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या बदलायच्या, कारण एक नवी आणि एक दमलेली असली तर गाडी वळणावर एका अंगाला झुकते.

गॅरेजात स्प्रिंग दाबण्याचं यंत्र होतं, पण ते नादुरुस्त. उस्तादांनी त्याला रविवारी सुट्टीच्या वेळात माझ्याकडे येऊ दिलं. आदल्या दिवशी आम्ही कुर्ल्याच्या बाजारात स्प्रिंग घ्यायला गेलो. बरोबर माझा मुलगा होता, बारावी सायन्सचा. दुकानदाराने दोन जोड्या पुढे ठेवल्या. उंची सारखी, वेढे सारखे, भाव जवळपास सारखा. मी म्हणालो, जी जाड दिसते ती घेऊ, जास्त टिकेल. त्या मुलाने खिशातून आठ नंबरचा पाना काढला. एका स्प्रिंगच्या तारेवर पाना सैल बसला, दुसरीवर अगदी घट्ट. म्हणजे एक सात मिलिमीटरची तार, दुसरी आठची.

“ये मोटी नको, सर. गाडी लकडी हो जाएगी. मागे बसणाऱ्याची कमर जाईल.”

एका मिलिमीटरने एवढा काय फरक पडणार, असं माझ्या मुलाला वाटलं. घरी येऊन त्याने सूत्र शोधून काढलं. गुंडाळलेल्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. आठ भागिले सात, आणि जे येईल ते चार वेळा एकमेकांत गुणायचं. उत्तर आलं साधारण १.७. म्हणजे बाकी मापं तीच ठेवून तार एक मिलिमीटर जाड केली, तर स्प्रिंग जवळजवळ सत्तर टक्के जास्त ताठ. तो वहीकडे पाहत राहिला. गणितात नापास झालेल्या मुलाने चौथा घात आठ नंबरच्या पान्याने मोजला होता.

रविवारी सकाळी गल्लीत काम सुरू झालं. ग्रिलवाल्याकडून जाड लोखंडी पट्टीचे चार तुकडे आणले होते, प्रत्येकाला दोन भोकं पाडून. दोन तुकड्यांच्या मधोमध खाच कापली होती, म्हणजे ते स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकतील. हार्डवेअरच्या दुकानातून लांब आटे असलेले दोन गज आणि आठ नट. आट्यांना ग्रीस. एवढंच आमचं यंत्र.

गाडी डबल स्टँडवर लावली, चाकाखाली लाकडी ठोकळा दिला. एका वेळी एकच शॉकअप काढायचा, म्हणजे चिमटा खाली लटकत नाही. वरचा डोम नट आणि खालचा बोल्ट काढून शॉकअप हातात आला. आधी त्याने खालची खाचांची वाटी फिरवून सगळ्यात मऊ खाचेवर आणली, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण जरा उतरतो. मग वर-खाली पट्ट्या अडकवल्या, दोन बाजूंनी गज ओवले आणि पूर्ण स्प्रिंगभोवती जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून बांधली. पट्टी निसटली तर स्प्रिंग उडू नये म्हणून.

मी नीट दिसावं म्हणून वाकलो होतो. त्याने हाताने मला बाजूला केलं.

“दबी हुई स्प्रिंग के सामने मुंह नहीं रखने का, सर. बाजूला उभं राहा. तिच्या रेषेत कोणी नको.”

किती ताकद असते त्यात, माझ्या मुलाने विचारलं. सांगण्यापेक्षा मोजून पाहू, असं ठरलं. नवी स्प्रिंग फळीवर उभी केली, वर दुसरी फळी, आणि त्यावर वीस लिटर पाण्याचा जार अलगद धरून ठेवला. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. स्प्रिंग साधारण एक सेंटिमीटर खाली गेली. दुसरी नवी स्प्रिंग ठेवली, तीही तेवढीच. जोडी खरी असल्याची तीच परीक्षा.

रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये जे जाहीर केलं ते एवढंच होतं. ताण जितका, स्प्रिंगची हालचाल त्याच प्रमाणात. एका सेंटिमीटरला वीस किलो, तर पाच सेंटिमीटरला शंभर. सुरुवातीला शून्य आणि शेवटी शंभर, म्हणजे सरासरी पन्नास किलोचा जोर पाच सेंटिमीटरभर. मुलाने हिशेब करून सांगितलं, “अब्बा, एक किलोचा हातोडा अडीच मीटरवरून पडावा तेवढी ऊर्जा.” आम्ही तिघांनीही वर आमच्या खोलीच्या छज्जाकडे पाहिलं. तिथून हातोडा खाली आला तर काय होईल, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मग नट फिरवायचं काम. इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा फेरा. एकीकडे जास्त झालं तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि तिथूनच निसटते. मधला लॉकनट दिसेपर्यंत दाबलं, तो सैल केला, वरचा डोळा फिरवून काढला. त्यानंतर तितक्याच धीराने नट उलटे फिरवून ताण सोडला. नवी स्प्रिंग घालताना त्याने जुनीचे जवळजवळ असलेले वेढे कोणत्या टोकाला होते ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. डोळा आट्यांत पूर्ण आत नेला, मग लॉकनट त्याला भिडवला. तीन तासांत दोन्ही बाजू झाल्या.

ज्यांना हे घरी करावंसं वाटेल त्यांना माझं सांगणं एकच आहे. जाणकार हात जवळ नसेल तर करू नका. सुतळीने किंवा नुसत्या तारेने दाबलेली स्प्रिंग बांधून भागवणारे लोकही मी पाहिले आहेत. जुगाडालाही कायदा असतो आणि तो त्या मुलाला पाठ होता.

अरबीत यंत्रविद्येला जुनं नाव ‘इल्म-उल-हियल’ असं आहे. हियल हे ‘हीला’चं अनेकवचन, म्हणजे युक्ती. उर्दूत हा शब्द घसरून बहाण्यापर्यंत आला, पण नवव्या शतकातल्या बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आणि १२०६ च्या सुमारास अल-जज़रीने याच नावाखाली यंत्रांवर ग्रंथ लिहिले. अल-जज़री स्वतः कारागीर होता. भाग कसा ओतायचा, कसा जोडायचा हे तो हाताने केल्यासारखं सांगतो. हात आणि लेखणी त्याच्यात एकत्र होते. आमच्याकडे त्यांची ताटातूट झाली.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात आणि वाहनदुरुस्तीसारख्या व्यवसायांत तुलनेने जास्त आहेत, अशी नोंद आहे. माझ्या गल्लीत ती अहवाल न वाचताही दिसते. या मुलांचं कौतुक करून विषय संपवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. गॅरेज हुन्नर देतं, तसं ते पंधराव्या वर्षी मुलाची वहीही काढून घेतं. आयटीआयच्या यंत्रविषयक बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते. म्हणजे ज्याला काम येतं त्याच्यापुढे दार बंद, कारण तो गणितात अडला. आणि ज्या गणितात तो अडला, ते तो रोज हाताने सोडवतो.

गंमत म्हणजे यावर विचार आपल्याच महाराष्ट्रात झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी डॉ. झाकीर हुसैन यांच्या समितीकडे गेली. सात वर्षं मोफत, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं शिक्षण, असा तो आराखडा होता. बी.एड.ला आम्ही ‘नई तालीम’वर टिपा लिहिल्या. त्या वर्षभरात कुणी आमच्या हातात पाना मात्र दिला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्यांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं म्हटलं आहे. आमच्या शाळेपासून शंभर पावलांवर सुतार आहेत, वेल्डर आहेत, गॅरेजवाले आहेत. ते दहा दिवस कागदावर भरायचे नसतील, तर या उस्तादांना सन्मानाने वर्गात बोलवावं लागेल. मी मुख्याध्यापकांना तसं पत्र दिलं आहे. स्प्रिंग, जार आणि पट्टी एवढ्या सामानावर आठवीचा एक तास होतो, हेही त्यात लिहिलं आहे.

त्या मुलाचं काय, हा प्रश्न उरतो. खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायला १७ नंबरचा अर्ज भरता येतो. मी त्याला तसं सुचवलं. गणित माझा मुलगा घेईल, मराठी मी. तो हसला, काही बोलला नाही. संध्याकाळी मी त्याच्या उस्तादांना भेटलो. साठीचे आहेत, स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, “फी मी भरतो, सर. संध्याकाळी सहाला सोडतो त्याला. पण एक सांगा, दहावी झाल्यावर तो परत येईल ना इथे?”

मी म्हणालो, तो जिथे जाईल तिथे तुमचंच काम करेल. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. सहा वर्षांनी गॅरेज सांभाळायला त्यांनाही कुणीतरी हवं आहे. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणायला पाठवलं. अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. फोटो चिकटवायचा बाकी आहे.