दहा हजार डॉलरची खुर्ची

लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट 15 धरली की काहोनच्या घाटापर्यंत शहर पाठ सोडत नाही. घाट चढून वर आलो, व्हिक्टरव्हिल मागे पडलं आणि मोहावीचं वाळवंट सुरू झालं. करडी झुडपं, दूरवर उघडे डोंगर आणि त्यांतून सरळ जाणारा रस्ता. लास व्हेगास एकूण 430 किलोमीटर. गाडी मी चालवत होतो आणि बायको माझी वही मांडीवर उघडून बसली होती. 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मेन इव्हेंटला निघालो होतो, आणि वहीत वर्षभर खेळलेले, चुकलेले, पुन्हा तपासलेले डाव होते.

"नऊ जणांचं टेबल, सगळ्यांत आधी तू बोलणार. राजा आणि गुलाम, रंग वेगळे."

"टाकणार."

"राजा-गुलाम टाकायचे? आमच्याकडे मेंढीकोटात कुणी असं केलं असतं तर बाबांनी उठवलंच असतं."

तिचा प्रश्न रास्त होता. सुट्टीत मेंढीकोट आणि तीनशे चार खेळून वाढलेल्या कुणालाही हातातलं चित्र टाकवत नाही. पण टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला फक्त दोन पत्ते मिळतात आणि मधले पाच सगळ्यांचे. माझ्यामागे आठ जण बोलायचे राहिलेत. त्यांतल्या एकाकडे एक्का-राजा असला, तर मधे राजा पडून माझी जोडी लागली तरी मी मागेच, आणि जोडी लागली म्हणूनच जास्त पैसे घालवणार. हौशी खेळाडूची बरीचशी तयारी म्हणजे देखणे पत्ते वेळेवर टाकायला शिकणं, असं माझं ठाम मत झालं आहे.

बेकरला थांबलो. इथला थर्मामीटर 134 फूट उंच आहे, कारण जवळच्या डेथ व्हॅलीत 1913 च्या जुलैत 134 अंश फॅरेनहाइट तापमान नोंदलं गेलं होतं. गाडीचं दार उघडलं की गरम हवा थेट तोंडावर येत होती. पाणी भरून घेतलं, लगेच निघालो आणि वही पुन्हा सुरू झाली.

"बदामचे चार पत्ते झालेत, एकच पत्ता उघडायचा राहिलाय. मधे 300, समोरच्याने 100 लावले. पुढे?"

हा माझा लाडका हिशेब. 100 घालून 400 मिळवायचे, म्हणजे पाचांत एकदा जिंकलो तरी बरोबरी. मी न पाहिलेले पत्ते 46, त्यांत बदाम 9. हे पाचांत एकाला किंचित कमी पडतं. म्हणजे टाकायचे, पण बदाम लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल अशी खात्री असली तर मात्र घालायचे. ती खात्री गणितातून मिळत नाही. समोरचा माणूस मघापासून कसा खेळतोय यावर लक्ष असेल तरच मिळते, आणि वर्षभर मला सगळ्यांत जड गेलं ते हेच: स्वतःचे पत्ते टाकल्यावरही दुसऱ्यांचा डाव जागरूकपणे बघत राहणं.

प्रिमला नेवाडाची हद्द लागते, आणि हद्दीलाच कसिनो. 1931 मध्ये या राज्याने जुगाराला कायदेशीर परवानगी दिली. माझ्या घरात मात्र पत्त्यांवर पैसे लावणं कुणालाच रुचत नव्हतं, आणि तो धाक मला आजही योग्य वाटतो. म्हणून प्रवेश फीची दहा हजार डॉलरची रक्कम घरखर्चाबाहेर, थोडी थोडी करत साठवली. हजारो डाव खेळले तर कौशल्य वर येतं. एका स्पर्धेत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते, आणि समोर राजांची जोडी असली तरी पाचांत जवळजवळ एकदा हरते. त्या हरण्यावर माझा इलाज नाही. हरल्यावरही मला पटेल असाच निर्णय घेणं, एवढंच मला तयार करता आलं.

व्हेगासला आधी जुन्या शहरात, फ्रीमाँट स्ट्रीटला गेलो. बेनी बिनियनने 1970 मध्ये ही स्पर्धा सुरू केली ती इथल्या 'हॉर्सशू'मध्ये. प्रवेश फी 1972 मध्ये दहा हजार डॉलर झाली आणि आजही तेवढीच आहे. याच इमारतीत 2003 मध्ये टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर जिंकला. शंभर डॉलरहून कमी फीच्या ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून तो आला होता. शेवटी समोर सॅम फारा होता. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. रंग हुकला, सरळ क्रमही हुकला. त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि नव्व्यांची जोडी असलेल्या फाराने पत्ते टाकले. हा डाव मी कितीतरी वेळा पाहिलाय. मला त्यातलं धाडस तितकं खेचत नाही, चेहरा स्थिर ठेवून बसलेला तो हौशी माणूस खेचतो. त्या वर्षी 839 जण होते. 2006 मध्ये 8,773 झाले आणि 2024 मध्ये 10,112.

स्पर्धा आता स्ट्रिपवरच्या हॉर्सशू आणि पॅरिस या जोडहॉटेलांत होते. नोंदणीच्या रांगेत टोपीवाले म्हातारे होते, विशीतली पोरं होती, पोर्तुगीज बोलणारा एक घोळका होता. दहा हजार भरणाऱ्या कुणालाही माजी विश्वविजेत्याच्या शेजारची खुर्ची मिळू शकते. दुसऱ्या कुठल्या खेळात हे होतं? हॉलमध्ये चिप्सचा सततचा खुळखुळाट, आणि बाहेर आग ओकत असताना आत इतका गारठा की स्वेटर लागतो.

सुरुवातीला 60,000 चिप्स मिळतात, पहिले ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, 100 आणि 200, आणि प्रत्येक टप्पा दोन तासांचा. म्हणजे घाईचं काहीच कारण नाही. 1995 च्या विजेत्या डॅन हॅरिंग्टनच्या पुस्तकांतून मी शिकलो ते आपल्या चिप्स ब्लाइंडच्या तुलनेत मोजायला. तो हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागेल. तोवर बसण्याची ताकद हवी, म्हणून गेले काही महिने रोज पहाटे चालतोय आणि शनिवारी दिवसभर मित्रांबरोबर घड्याळ लावून खेळतोय.

रात्री खोलीवर तिने वही मिटली. कॅश गेमला चल म्हणून एका ओळखीच्याचा फोन आला होता, त्याला नाही म्हटलं.

"पहिल्याच दिवशी बाहेर पडलास तर?"

"तर परवा पहाटे, ऊन चढायच्या आत, रेड रॉक कॅन्यनला जाऊ."

"आणि नाही पडलास तर?"

"तर तू गाडी घेऊन जा. मला झोप हवी."