छोट्याशा ब्रेकनंतर

तुमच्या घरात असा एखादा मेंबर आहे का, जो तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे, दर महिन्याला खर्च काढतो, नेमका घाईच्या वेळी रुसून बसतो आणि तरीही त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही? आमच्याकडे आहे. तिचं नाव पद्मिनी. प्रीमियर पद्मिनी, १९९१चं मॉडेल, रंग मलई, नंबर एमएच-१३. सोलापुरातल्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान आणि मागच्या बोळात ताडपत्रीखाली ही बाईसाहेब.

मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. पुण्यात मास कॉम केलं, तिथेच दोन वर्षं नोकरी केली. मग लॅपटॉप उचलून घरी आले. लेख आज छापून येतो, पैसे तीन महिन्यांनी. त्यामुळे गाडी हा विषय माझ्या बजेटमध्ये कधी नव्हताच. तो आला गेल्या दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी.

पप्पा आणि मी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. इथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. परत येताना घाट. रस्ता आता चौपदरी झालाय, पण घाट तो घाटच. पप्पांची एक जुनी सवय आहे, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. ‘पेट्रोल वाचतं गं.’ त्या दिवशीही केली. खाली उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रांगत होता. पप्पांनी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. अजून खाली गेलं. गाडी मात्र आपल्याच नादात! जळक्या लायनरचा वास आला. पप्पांनी हँडब्रेक ओढला, कसाबसा गिअर टाकला आणि आमची पद्मिनी ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. इतक्या जवळ, की मला उसाच्या कांड्या मोजता आल्या असत्या.

‘चप्पल ओली होती, पाय घसरला,’ पप्पा म्हणाले.

चप्पल कोरडी होती. मी काहीच बोलले नाही.

त्यानंतर मात्र घरात एक गंमत सुरू झाली. खरं तर गंमत नव्हेच. पप्पांनी गाडी बाहेर काढणंच बंद केलं. बँकेत रिक्षाने. आत्याकडे रिक्षाने. विचारलं की म्हणायचे, ‘पार्किंग कुठंय हल्ली?’ पस्तीस वर्षांत या माणसाने पार्किंगची तक्रार केलेली मी ऐकली नव्हती. तेव्हा कळलं, त्या घाटात फक्त लायनर जळलं नव्हतं.

मग मी पत्रकार जे करतो तेच केलं. प्रश्न विचारत सुटले.

पहिलं उत्तर आमच्याच गावात सापडलं. वालचंद म्हटलं की सोलापूरकराला आधी कॉलेज आठवतं. पण ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले आणि १९४४ मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. तिथे १९६४ पासून फियाटची ११०० डिलाइट बनायला लागली. तिचंच पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. तोवर वालचंद हयात नव्हते. १९५३ मध्येच ते गेले. पण आमच्या बोळातल्या गाडीची माहेरची शेंडी सोलापूरला बांधलेली आहे, हे ऐकून पप्पा चक्क हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

आता खरी मजा ऐका. तिकडे इटलीत १९६६ साली याच गाडीची पुढची आवृत्ती निघाली, ११०० आर. तिला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. इकडे आपल्याकडे गाड्या कमी आणि बुकिंगची रांग मोठी. त्यामुळे बदलायची घाई कुणालाच नव्हती. आमची १९९१ची गाडी चारही चाकांना ड्रम घेऊनच घरी आली. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच सुटलेला प्रश्न आम्ही पेढे वाटून विकत घेतला होता!

ड्रम आणि डिस्कमधला फरक मला आमच्या मिस्त्रीचाचांनी चहाच्या कपावर समजावला. ड्रम म्हणजे बंद डबा. ब्रेक दाबला की आतले दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून घासतात. उष्णता आतच कोंडते. डबा तापून फुगतो, शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली खाली जातं. वर लायनर तापलं की त्याची पकडही सुटते. डिस्क म्हणजे उघडी थाळी. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, वारा लागत राहतो, ती लवकर थंड होते. ‘भाकरी डब्यात ठेवली तर घाम सुटतो, टोपलीत ठेवली तर नाही. इतकंच आहे बघ बेटा,’ चाचा म्हणाले. मास कॉमला असं शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं!

मग पार्ट्स. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनई नावाची नवी गाडी आणली होती, पुढे डिस्क असलेली. तिचा पुढचा अख्खा सेट चाचांनी एका स्क्रॅपवाल्याकडून मिळवला. पण जुन्या पार्टवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हा चाचांचा नियम. थाळ्या जाडी मोजून घेतल्या. कॅलिपर पूर्ण खोलून रबरं बदलली. पॅड आणि होस पाइप कोरे आणले. ब्रॅकेट लेथवर करून घेतले. पप्पांना मी सांगितलं, ‘सर्व्हिसिंगला टाकलीय.’ थोडं खोटं मीही बोलले. चप्पल ओली होती ना!

तुम्हाला वाटेल, बसवली डिस्क, झालं काम. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या ट्रायलला मी स्वतः होटगी रोडवर गाडी नेली. पेडल दगडासारखं! दोन्ही पाय लावावेत की काय, असं वाटलं. कारण असं की ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच एक शू स्वतःहून आत ओढला जातो, पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कला ती सोय नाही. सगळा जोर पायाचा. पप्पांचे गुडघे आधीच कुरकुरतात. म्हणजे बूस्टर हवाच. तो इंजिनच्या ओढीवर चालतो आणि पायाचा जोर वाढवतो.

बूस्टर बसला. दुसरी ट्रायल. पेडल लोण्यासारखं. पण परत आले तर पुढची चाकं चटका बसेल इतकी गरम, आणि गाडी ढकलली तर हलेना. पुरावा म्हणून माझ्या उजव्या बोटावर फोड. चाचांनी डोक्याला हात लावला. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा. ड्रममध्ये शू मागे खेचणारी स्प्रिंग असते, तिथे तो चालतो. डिस्कला तशी स्प्रिंग नाही, म्हणून पॅड थाळीला चिकटूनच राहिले. मग मास्टर सिलिंडरही बदलला, नवं ब्रेक ऑइल भरलं, चारही चाकांची एअर काढली. मागचे ड्रम तेच ठेवले, फक्त नीट अॅडजस्ट केले. पुढचा-मागचा तोल बिघडला तर गाडी फिरते म्हणे. शेवटी रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पॅड बसवले.

हो, आणि कायदा! मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मनाने करता येत नाही. ब्रेकचा प्रकार आरसीवर नसतो, तरी मी आधी विचारून घेतलं आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवलं. ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे, तिथे ‘चलता है’ चालत नाही.

एकूण खर्च? माझ्या चार लेखांचं मानधन. त्यातलं एक अजून यायचंय.

गाडी घरी आली. पप्पांनी न विचारता चाकाच्या फटीतून डोकावून पाहिलं. चकाकणारी थाळी दिसली. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘ओरिजिनल राहिली नाही आता.’

मला टचकन लागलं. चाचा मात्र शांतपणे म्हणाले, ‘शेठ, ब्रेक नवा आहे, घाट जुनाच आहे. न्यूट्रल टाकाल तर ही डिस्कपण एक दिवस हात वर करेल. ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा.’ म्हणजे घाटातली गोष्ट चाचांना ठाऊक होती. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताडपत्रीची घडी घालायला लागले.

पुढचे दोन मंगळवार काहीच घडलं नाही. तिसऱ्या मंगळवारी सकाळी सहाला खालून हॉर्न वाजला.

तुळजापूरहून परतताना उतार सुरू झाला. पप्पांचा हात स्टिअरिंगखालच्या गिअर हँडलकडे गेला. सवयीने. मी समोर बघत राहिले. श्वास मात्र तिथेच अडकला होता. हँडल हललं... आणि गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात गेली. इंजिन कुरकुरलं, वेग उतरला. वळणावर पप्पांनी ब्रेकवर पाय ठेवला, नुसता ठेवला, आणि पद्मिनी शहाण्या मुलीसारखी हळू झाली.

घाट संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले, तळहात रिमपाशी नेला. मग माझ्या बोटावरच्या डागाकडे बघून म्हणाले, ‘त्या दिवशी चप्पल कोरडी होती.’

‘माहितीये,’ मी म्हटलं.

पुढे घरापर्यंत आम्ही उसाच्या भावावर बोललो.

जुने ड्रम पप्पांनी भंगारात घालू दिले नाहीत. त्यातला एक आता आमच्या दुकानाच्या काचेच्या दाराला अडसर म्हणून असतो. नवी पेठेत कितीही वारा सुटू दे, दार जागचं हलत नाही. पप्पा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतात, ‘ओरिजिनल आहे.’