पिशव्या कोण सांभाळणार?

आमच्या घरात कुठलाही बेत आधी मोडतो आणि मग ठरतो. महाबळेश्वर असो की माथेरान, पहिल्या बैठकीत प्रत्येकाने "मी येणार नाही" असे एकदा म्हणून घेतले, की मगच दुसऱ्या बैठकीत सामानाची यादी सुरू होते. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला एक दिवस जाऊन यावे, असे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी सुचवले, तेव्हा थोरली "मी येणार नाही" म्हणाली याचे मला काही विशेष वाटले नाही. पुढचे वाक्य मात्र लागले.

"मी मैत्रिणींबरोबर जाणार आहे," ती म्हणाली. "फॅमिलीबरोबर तिथं काय करायचं?"

थोरली यंदा अकरावीत गेली आहे, धाकटा आठवीत आहे. या वयाची मुले घरात असली की घर म्हणजे खानावळ होते. मंडळी वेळेवर येतात, जेवतात, आमटीला नावे ठेवतात आणि आपापल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. त्यांच्याशी बोलायचे तर दाराबाहेर उभे राहून घसा खाकरावा लागतो. मी गेली वीस वर्षे याच वयाच्या मुलांना मराठी शिकवतो. पण वर्गातली मुले निदान हजेरीला तरी ओ देतात.

वाक्य लागण्याचे कारण जुने होते. हे उद्यान सुरू झाले २०१३ साली. आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे चार वर्षे विचार करून २०१७ साली तिथे पोचलो. थोरली तेव्हा तिसरीत होती. तिथे नायट्रो नावाचा एक अवाढव्य रोलर कोस्टर आहे. सुमारे ४० मीटर उंच. त्याच्या आसनांना पायाखाली तळच नाही. पाय अधांतरी लोंबतात आणि त्याच स्थितीत माणूस उलटा, सुलटा, पुन्हा उलटा होतो. तिला त्यातच बसायचे होते. दाराशी उंची मोजायची पट्टी होती. ती पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली, हळूच टाचा उचलल्या, तरी डोके रेघेला पोचेना. तिथल्या तरुणाने फार अदबीने तिला परत पाठवले. ती रडली नाही. नुसते ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहात राहिली. मी म्हटले, "तू उंच हो, मग आपण दोघं मिळून बसू. तोवर मीही बसत नाही."

आणि मी खरेच बसलो नाही. (त्या वचनात त्यागाचा भाग किती आणि भीतीचा किती, हे सांगण्याची तेव्हा गरज नव्हती.) घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने तिची उंची आखली आणि वर, जरा हात उंच करून, नायट्रोची रेघ ओढली. पुढे दर वाढदिवसाला खालच्या रेघा वर चढत गेल्या. त्यांनी ती वरची रेघ कधी ओलांडली, ते माझ्या ध्यानात आले नाही. करोनाची दोन वर्षे मध्ये आली; आम्ही सगळेच घरात बसून भलत्या दिशांनी वाढलो.

दुसरी बैठक आईने जिंकली. खोपोली हा शब्द कानावर पडताच तिला महडचा वरदविनायक आठवला. तो खोपोलीपासून हाकेच्या अंतरावर. आणि उद्यान आहे खोपोली-पाली रस्त्यावर, म्हणजे पुढे पालीला बल्लाळेश्वर! "एवढं देवाच्या दारात जायचं आणि नुसत्या पाळण्यात बसून यायचं?" ती म्हणाली. अष्टविनायकांतले दोन गणपती एका बाजूला आणि आठवीतला एक मुलगा दुसऱ्या बाजूला, असा तो सामना झाला. शेवटी जाताना महड आणि पाली पुढच्या वेळी, असा तह झाला. अण्णांनी डोंबिवलीहून कर्जतमार्गे खोपोलीला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवल्या. पण स्टेशनपासून पुढे काय, या प्रश्नापाशी रेल्वेचा पक्ष हरला आणि भाड्याची मोटार मंजूर झाली. सौभाग्यवतीने खर्चाचा कागद मांडला. सुटीतला रविवार टाळायचा, तिकिटे आधी काढायची, बाहेरचे खाणे आत नेता येत नाही म्हणून दशम्या आणि चटणी मोटारीतच खाऊन घ्यायची. दशम्या दाराबाहेर ठेवायच्या या कल्पनेने ती जितकी कष्टी झाली, तितकी ती तिकिटांच्या आकड्याने झाली नाही.

मी मास्तर आहे. कुठे जायचे म्हटले की त्या गोष्टीचा पूर्वेतिहास सांगितल्याशिवाय मला घास जात नाही. मी सांगितले, की असल्या उद्यानांचा आद्यपुरुष वॉल्ट डिस्ने. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्यावर बसवायला नेई. मुली घोड्यावर आणि हा बापडा बाकावर शेंगदाणे खात बसलेला. तिथे त्याच्या मनात आले, की पोरांनी मजा करायची आणि आईबापांनी नुसते बसून राहायचे, हे काही खरे नाही. दोघांनाही एकत्र रमता येईल अशी जागा हवी. त्या विचारातून १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडले.

"म्हणजे हे सगळं एका कंटाळलेल्या बाबांमुळे झालं," धाकटा म्हणाला. "आपल्याकडं शेंगदाणे आहेत का?"

थोरली हसली नाही. तिचे दार लोटलेलेच होते.

ते दार उघडले रंगाऱ्याने. दिवाळीआधी स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता. तो माणूस चौकट घासायला पॉलिशपेपर घेऊन उभा राहिला आणि सहज विचारता झाला, "या पेन्सिलच्या रेघा घालवू ना?" मी कॉलेजात होतो, हे मला संध्याकाळी कळले. थोरली आतून धावत आली म्हणे आणि त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये उभी राहिली. आज आमचे स्वयंपाकघर फिकट पिवळे आहे आणि एक चौकट तेवढी जुन्या हिरव्या रंगाची आहे. पाहुण्यांना वाटते, रंग कमी पडला.

त्या रात्री तिने कसलाही खुलासा न करता वही काढली आणि सहलीची सूत्रे हाती घेतली. मोठ्या पाळण्यांना सकाळी दार उघडल्याबरोबर गाठायचे, कारण रांगा मागाहून वाढतात. भिजवणारे पाळणे भर दुपारी, म्हणजे कपडे अंगावर वाळतात. जेवणानंतर तासभर उलटेसुलटे होणे नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी निबंधाचा आराखडा असा केला असता, तर मी धन्य झालो असतो.

मग तिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मला नायट्रो शिकवला. या गाडीला वर गेल्यावर इंजिन म्हणून नसते. साखळी तिला एकदा माथ्यावर ओढून नेते. पुढे सगळे काम पृथ्वी करते. ४० मीटरवरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग तिने काढून दाखवला: सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉमसन नावाच्या माणसाने ५ सेंटात बसवायची गाडी काढली होती, ती ताशी ६ मैलांनी जायची. म्हणजे आमच्या चौकातल्या रिक्षाहून सावकाश. मग तिने गाडी जिथे उलटी होते तो फेरा काढला. मला वाटले होते वर्तुळ असेल; तिने पाण्याच्या थेंबासारखा आकार काढला.

"पूर्ण गोल केला, तर नुसती वरून पार होण्यापुरती गाडी पळवली तरी खाली आल्यावर आपलं वजन सहापट वाटेल," ती म्हणाली. "म्हणून वरचा भाग अरुंद आणि खालचा पसरट ठेवतात. तरीही खाली येताना रक्त पायांकडं ओढलं जातंच. हृदयाला डोक्यापर्यंत रक्त चढवायला जोर लावावा लागतो. म्हणूनच तर ब्लडप्रेशर असलेल्यांनी बसू नये, अशी पाटी असते." आणि वही मिटत म्हणाली, "बाबा, पहिल्या रांगेत बसायचं हं. वचन आहे."

मी "हो" म्हटले.

जून महिन्यापासून मी रोज सकाळी एक पांढरी गोळी घेतो. ती तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यामागे ठेवलेली असते, कारण त्या गठ्ठ्याला घरात कोणी हात लावत नाही. सौभाग्यवतीला माहीत आहे. मुलांना सांगितले नव्हते. कशाला उगाच, परीक्षा आहेत, असे म्हणत म्हणत सहा महिने काढायचा विचार होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून मी अगदी शास्त्रीय जिज्ञासेच्या सुरात विचारले. ते आधी हसले. मग म्हणाले, "मास्तर, नाही."

तेव्हा मला अण्णा आठवले. १९९२ सालच्या दिवाळीत मी बारा वर्षांचा होतो. गोराईचे एस्सेलवर्ल्ड सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. (ते आता बंद झाले आहे.) आम्ही डोंबिवलीहून दादर, दादरहून मालाड, तिथून बसने मार्वे आणि मार्व्याच्या धक्क्यावरून लाँच, असे मजल दरमजल करीत गेलो. आई बसली, आत्या बसली, मी तर वेड्यासारखा बसलो. अण्णा दिवसभर एका बाकावर चार पिशव्या मांडीशी घेऊन बसून होते. मी वरून हाका मारायचो. ते मान वर करायचे आणि एक हात जरासा हलवायचे, दुसरा पिशवीवर. माझे वडील घाबरट आहेत, असे मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकले आणि पुढे तेहेतीस वर्षे त्याचा फेरविचार केला नाही.

परवा गॅलरीत त्यांना सरळ विचारले, "अण्णा, तुम्ही तेव्हा भ्यायला होता?"

त्यांनी पेपर खाली केला. "कधी?"

मी आठवण दिली.

"अरे, भितो कसला! खिळा पाडू नका, साखळी काढून ठेवा, म्हणून सगळीकडं सांगत होते. तुझ्या आईचं मंगळसूत्र, आत्याच्या चार बांगड्या, तुझा नवा चष्मा, सगळं माझ्याकडं. रुमालात बांधून पोळ्यांच्या डब्याखाली घातलं होतं. आत्याच्या लग्नाला सहा महिने झाले होते. कोण बसणार पाळण्यात?" आणि पेपर वर करता करता म्हणाले, "मला फार बसायचं होतं त्या उलट्या गाडीत."

संध्याकाळी थोरली दोरीवरचे कपडे काढत होती. मी म्हटले, "मला ब्लडप्रेशर आहे." याहून बरे वाक्य मराठीच्या प्राध्यापकाला सुचायला हवे होते.

ती थांबली. "कधीपासून?"

"जूनपासून. गोळी चालू आहे. काळजीचं काही नाही."

"आईला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे मलाच माहीत नव्हतं." तिने माझा सदरा दोरीवरून ओढला, घडी घातली, ती वाकडी आली, पुन्हा उलगडली. "मी उंच झाले ते तुम्हाला कळलं नाही, आणि तुम्हाला हे झालं ते मला कळलं नाही." मग कपड्यांचा गठ्ठा उचलून ती आत गेली. दार लोटले नाही. पण जेवताना बोललीही नाही. धाकटा तेवढा, "मग बाबांच्या जागी मी पहिल्या रांगेत?" असे विचारून आईचा डोळा खाऊन बसला.

सकाळी फ्रिजवर सहलीचा कागद लागला होता. नव्याने लिहिलेला. आमटीतले मीठ कमी, हे कलम त्यात सहलीशी काहीही संबंध नसताना पहिले होते. त्याखाली वेळापत्रक. नायट्रो: मी आणि धाकटा, पहिली रांग. बाबा: पिशव्या, माझा चष्मा, धाकट्याचे घड्याळ, मोबाइल चार. मी वाचत वाचत खाली आलो. दुपारी तीनच्या समोर लिहिले होते, "घोड्यांचा गोल पाळणा: बाबा आणि मी," आणि पुढे, बारीक अक्षरात, "मैत्रिणींना कळता कामा नये."

मी चहा घेऊन परत आलो तो अण्णा चष्मा कपाळावर चढवून कागदापाशी उभे. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत, तारीखवार, टपालखात्यातल्या सवयीने तपासला. खिशातले पेन काढले आणि पिशव्यांच्या ओळीपुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, "सूनबाईंचे मंगळसूत्र कोणाकडे?"